काळुंदराची साक्ष

यंत्र बिघडलं असणार, असंच तृप्तीला आधी वाटलं. अनुभवी माणसाला पहिल्यांदा तेच वाटतं. निरवणे खाडीतल्या पाण्याची तपासणी सुरू झाल्यापासून पडद्यावरची रेघ कधी हिरव्या पट्ट्याबाहेर गेली नव्हती, आणि आज सकाळी यंत्रात लावलेल्या माशाच्या नव्या पेशींनी ती तासाभरात तांबड्यात नेऊन ठेवली होती. पाणी तेच, पंप तोच, काचही तीच. तिने नळ्या धुतल्या, दिवा बदलला, पाण्याचा दुसरा नमुना लावून पाहिला. रेघ जागची हलली नाही.

डॉ. तृप्ती कुबल याच खाडीवर लहानाची मोठी झालेली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिच्या माहेरच्या वाडीचे माड दिसत. गाबीत मच्छीमारांच्या त्या वाडीत पीएच.डी. झालेली ती एकटीच, त्यामुळे कुणाला ताप आला तरी लोक तिच्याकडे येत. आपण माशांच्या यकृताच्या डॉक्टर आहोत, माणसांच्या नाही, हे सांगून सांगून ती थकली होती. शेवटी तिने घरात तापाच्या गोळ्याच आणून ठेवल्या.

खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने होते. त्यांचं सांडपाणी खाडीला मिळतं तिथे एक पोलादी गेट होतं आणि गेटाशेजारी एक चौकी. चौकीत माणूस नव्हता. एका पेटीत, काचेच्या केसाएवढ्या नाल्यांमध्ये, माशाच्या यकृताच्या सुट्या पेशी होत्या. त्यांच्या अंगावरून सांडपाण्याची बारीक धार सतत वाहायची. पेशी कुरकुरल्या, म्हणजे रेघ तांबड्यात गेली, की गेट आपोआप बंद. कुणाला फोन करायला नको, कुणाची परवानगी नको. पूर्वी सांडपाण्यात टोपलीभर जिवंत मासे सोडून किती मरतात ते मोजायचे. ती पद्धत कायद्याने बंद झाली होती आणि तिच्या जागी या पेशी आल्या होत्या. एका माशाच्या यकृतातून तपासणीला महिनाभर पुरतील इतक्या पेशी निघत.

त्या काढायचं काम तृप्ती स्वतः करायची. मासा भुलीच्या पाण्यात निपचित झाला की यकृताकडे जाणाऱ्या शिरेत बारीक सुई घालायची. आधी खारं पाणी सोडून रक्त धुऊन काढायचं, म्हणजे तांबडं यकृत फिकट पडतं. मग पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ विरघळवणारं एक पाचकद्रव्य सोडायचं. थोड्या वेळात यकृत मऊ लापशीसारखं होतं आणि हलक्या हाताने ढवळलं की पेशी सुट्या होऊन तरंगू लागतात. त्यांच्यात निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत असतात त्या रंगाला आत घेत नाहीत. अंगापासून तुटलेल्या त्या पेशी पुढेही आपलं काम करत राहतात. यकृताचं काम म्हणजे विष ओळखणं आणि त्याच्याशी झगडणं.

या वेळच्या पेशीही जिवंत होत्या, चांगल्या टुकटुकीत होत्या. फरक होता तो एवढाच, की मासा निरवण्याचा नव्हता. तपासणीसाठी लागणारे काळुंदर मासे तिचा थोरला भाऊ नितीन आणून द्यायचा. पण त्याची मुलगी जुई डोहाळे लागल्यापासून बाळंतपणाला माहेरी आलेली, आता बाळ झालेलं, घरात पाहुण्यांची रीघ, त्यामुळे गेल्या आठवड्यात त्याला इथे जाळं टाकायला सवड झाली नव्हती. सासुरवाडीहून परतताना त्याने तिकडच्या पाडवणे खाडीतलीच काळुंदरं ड्रमात घालून आणली होती. "काळुंदर ता काळुंदर," तो म्हणाला होता, आणि तृप्तीनेही मान डोलावली होती.

आता तिने दोन पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या. एकीत निरवण्याच्या काळुंदराच्या आधीच्या तुकडीतल्या पेशी, दुसरीत पाडवण्याच्या. दोन्हींना शुद्ध पाणी दिलं, दोन्ही गप्प राहिल्या. खाडीचं पाणी दिलं, तर पाडवण्याची पेटी पेटून उठली आणि निरवण्याची तशीच गप्प. मग कपाटातून तिने नमुन्याचं विष काढलं, ज्याचं प्रमाण तिला नेमकं ठाऊक होतं असं. आधी चिमूटभर दिलं, मग वाढवलं, मग आणखी वाढवलं. पाडवण्याच्या पेशी केव्हाच तांबड्यात गेल्या होत्या. निरवण्याच्या पेशी मात्र हिरव्यात शांत बसून होत्या.

तिने पुन्हा निळा रंग घालून पाहिलं. जिवंत होत्या, सगळ्या जिवंत होत्या. तृप्ती स्टुलावर बसली. 

काय झालंय हे तिला कळलं होतं. जगात दोन-चार ठिकाणी घाणेरड्या बंदरांतल्या माशांमध्ये ही गोष्ट सापडल्याचं तिने विद्यार्थिदशेत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पेशीमध्ये एक प्रथिन असतं. तेलकट, चिवट विषं आत आली की ते त्यांना पकडतं आणि पेशीला जागं करतं. मोठ्या माशाला हा आरडाओरडा सोसतो. अंड्यातल्या पिल्लाला सोसत नाही, त्याचं हृदय वाढता वाढताच बिघडतं. म्हणजे विषाच्या पाण्यात ज्यांचं हे प्रथिन चांगलं, ती पिल्लं अंड्यातच मरतात. ज्यांचं मुळातच बहिरं, ती जगतात आणि त्यांचीच वीण वाढते. कारखाने आले तेव्हा तृप्तीचे वडील तरुण होते. काळुंदर दूर समुद्रात जात नाही, याच खाडीत जन्मतं आणि याच खाडीत अंडी घालतं. एवढ्या वर्षांत खाडीत फक्त बहिरी काळुंदरं उरली होती. विष त्यांच्या चरबीत साठत होतं, त्यांना कळत नव्हतं, आणि ती छान गुबगुबीत वाढत होती.

आणि खाडीच्या पाण्याला पास-नापास करायला बसवलं होतं त्यांच्याच यकृताला.

हे कुणा एकाच्या डोक्यातून निघालं नव्हतं. चौकी उभारायच्या आधी देवळासमोरच्या मांडवात जनसुनावणी झाली होती. सरकारी आराखड्यात थंड पाण्यातल्या एका विलायती माशाच्या पेशी होत्या. कारखान्यांचे वकील म्हणाले, तो मासा नाजूक, तो उगाच बोंब मारील. वाडीची माणसं म्हणाली, आमच्या खाडीचा न्याय परक्या माशाने का करायचा, त्याला आमचं पाणी काय कळतं. कधी नव्हे ते दोन्ही बाजूंचं एकमत झालं. तृप्ती तेव्हा उठून म्हणाली की शास्त्रदृष्ट्याही हेच बरोबर आहे, ज्या पाण्याची तपासणी त्याच पाण्यातला जीव घ्यावा. टाळ्या पडल्या. मांडवातल्या एकाही माणसाच्या मनात वाईट नव्हतं.

तिने पुण्याला डॉ. आजगावकरांना फोन लावला. ही सगळी पद्धत त्यांनी उभी केलेली, तृप्ती त्यांची विद्यार्थिनी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तृप्ती, एका माशाच्या पेशींवर तू अख्खी इमारत पाडायला निघालीस," ते म्हणाले.

"सर, मी तीनदा केलं. विषाचं प्रमाण वाढवूनही..."

"केलं असशील. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. पण पाडवण्याचा मासाच जास्त हळवा असेल तर? आणखी दोन खाड्यांचे मासे घेऊ, वेगळ्या प्रयोगशाळेत तपासू, मग समितीपुढे ठेवू. पावसाळ्याच्या आत होईल."

"तोवर गेट उघडं राहील."

"तोवर गेट नियमाप्रमाणे राहील." थोडं थांबून ते म्हणाले, "तू घाईने बोललीस आणि चुकलीस, तर न्यायालयात ही पद्धतच उडवून लावतील. पुन्हा टोपल्या भरभरून मासे विषात सोडायला लागतील. आणि तोवर कुणाला काही बोलू नकोस. घरीसुद्धा."

त्यांचं चूक नव्हतं, आणि तृप्तीला त्याचाच जास्त राग आला. चुकीचं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

दुपारी ती वाडीत गेली. अंगणात नितीन जाळं दुरुस्त करत बसला होता. पाणी खराब म्हणून खाडीत मासेमारी बंद होती तेव्हा तो कितीतरी वर्षं मंगळूरच्या ट्रॉलरवर खलाशी होता, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. चौकी बसली, पाणी साफ झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा तो नोकरी सोडून परत आला. त्याच्या शब्दावर वाडीतली आणखी माणसं परत आली. आता निरवण्याच्या काळुंदराला बाजारात नाव होतं.

"इलंस? हात धू, पान वाढतंय," आतून वहिनी म्हणाली. "पण आधी जुईक देतंय. तिका भूक लागली."

माजघरात जुई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तिची लेक झोपलेली. निरवण्यात बाळंतिणीला काळुंदराचं पातळ सार द्यायची रीत आहे. पचायला हलकं, दुधाला चांगलं. खाडी बंद होती त्या काळात आयाबाया हळहळायच्या, की हल्लीच्या पोरींना काळुंदराचं सार मिळत नाही. वहिनीने वाफाळती वाटी जुईपुढे ठेवली.

"वयनी, ता सार नको देव तिका," तृप्ती म्हणाली.

"कित्याक गो? तिखट नाय घातलंय. नुसती हळद आणि दोन तिरफळा."

"तिखटाचा नाय. मासो नको."

नितीन दारात येऊन उभा राहिला. "मासो ताजो आसा. सकाळीच मी धरलंय."

डॉ. आजगावकरांनी घरी बोलू नकोस म्हटलं होतं. वाटीतून तिरफळांचा वास येत होता. तृप्तीने वाटी उचलून बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. इथल्या माशाला विष कळत नाही. तो मरत नाही, पण विष त्याच्या चरबीत राहतं. चौकीतल्या पेशी याच माशाच्या, म्हणून त्यांनाही कळलं नाही.

"म्हंजे पाणी साफ नाय?" नितीनने विचारलं.

"नाय."

"आणि कधी झालाच नव्हता?"

"नाय, दादा."

नितीन उंबऱ्यावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "तू सांगलंस म्हणान मी परत इलंय. लोकांका मी सांगलंय, माझी भयण सांगता, काय्येक भिया नको. आता काय सांगू त्यांका?"

 त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं तृप्तीला वाटलं.

"आत्ये," जुई म्हणाली. ती बाळाकडे बघत होती. "मी डोहाळ्यांपासून हयलाच काळुंदर खातंय. ता दुधात जाता?"

"जाता."

"किती?"

"माका म्हायत नाय."

"तुझ्या त्या नव्या पेशींका कळतला मा? मगे लाव त्यांका माझा दूध."

वहिनीने साराची वाटी उचलली आणि ती परसात निघून गेली. ती रडत होती हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. एवढे महिने हौसेने काळुंदर रांधून लेकीला तिनेच घातलं होतं.

आईच्या दुधावर असा प्रयोग तृप्तीने कधी केला नव्हता. पण रीत काही वेगळी नव्हती. दुधातली चरबी वेगळी काढायची आणि तिचा अंश पेशींना द्यायचा. तुलनेला दुसरं दूध हवं, म्हणून ती वरच्या गावातल्या शाळेच्या बाईंकडे गेली. त्या शाकाहारी, मूळच्या घाटावरच्या, त्यांचं बाळही तान्हं. कशासाठी हवं ते तिने खरं सांगितलं. बाईंनी काही न विचारता वाटीभर दूध काढून दिलं आणि "जुईला सांगा, येऊन जाईन" एवढंच म्हणाल्या.

बाईंच्या दुधावर पाडवण्याच्या पेशी शांत राहिल्या.

जुईच्या दुधावर रेघ हलली. ती खाडीच्या पाण्याइतकी उंच गेली नाही, तांबड्यातही गेली नाही. पण हिरवा पट्टा तिने ओलांडला आणि परत खाली आली नाही. तृप्तीने ते दोनदा केलं. तिसऱ्यांदा करायला दूध शिल्लक होतं, तिचं मन झालं नाही. इतकी वर्षं तिने पडद्यावर रेघा पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा तिला रेघेकडे बघवेना.

तिने जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी प्रश्न विचारून घेतले, थोडा वेळ घेऊन स्वतः कुणाशी तरी बोलले आणि मग सांगितलं: मासा आजपासून बंद, दूध बंद करायचं नाही. आईच्या दुधाने बाळाला जे मिळतं ते या धोक्यापेक्षा आज तरी मोठं आहे. बाळाला तपासायला घेऊन या. आणि विष येतंय तिथे थांबवा, ते आमच्या हातात नाही.

ते कुणाच्या हातात होतं हे तृप्तीला चांगलं ठाऊक होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा ती पाडवण्याच्या पेशींची पेटी घेऊन चौकीवर गेली. गेटाखालून सांडपाणी नेहमीसारखं वाहत होतं. दिसायला स्वच्छ, वासही नाही. काठावर बगळे उभे होते. तिने कुलूप काढलं, जुनी पेटी बाहेर घेतली, नवी बसवली. यंत्राने प्रमाणित तुकडीचा क्रमांक मागितला. या पेशींना क्रमांक नव्हता. क्रमांक नसेल तर जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःचं नाव घालून पुढे जावं, अशी सोय यंत्रात होती. ती आणीबाणीसाठी होती आणि आजवर कुणी वापरली नव्हती. वापरली तर चौकशी अटळ, हे नियमावलीत ठळक लिहिलेलं होतं आणि ते वाक्य तृप्तीनेच लिहिलं होतं.

तिला भीती वाटली. नोकरीची वाटली, सरांची वाटली. सर बरोबर असले तर आपण त्यांच्या उभ्या आयुष्याचं काम मातीत घालतोय, याची सगळ्यात जास्त वाटली. मग तिने आपलं नाव घातलं.

पेशींना जागं व्हायला वेळ लागतो. ती काठावरच्या दगडावर बसून राहिली. रेघ हळूहळू चढली, तांबड्यात शिरली, आणि मोठा खडखडाट होऊन गेट खाली आलं. बगळे उडाले. सांडपाणी मागे तुंबायला लागलं आणि वरच्या कारखान्यांत भोंगा वाजला. थोड्याच वेळात तिचा फोनही वाजू लागला. पडद्यावर आधी कारखान्यांच्या संघाचं नाव आलं, मग जिल्हा कार्यालयाचं, मग डॉ. आजगावकरांचं. तिने फोन पिशवीत टाकला आणि वाडीकडे चालू लागली.

खाडीकाठी माणसं जमली होती. मधोमध नितीन उभा होता आणि बोलत होता. काय बोलतोय ते तिला ऐकू आलं नाही. पण त्याच्या होडीतलं जाळं त्याने काढून वर आणलं होतं, आणि आणखी दोघे-तिघे आपापल्या होड्यांकडे चालले होते. तिला पाहून काही जणांनी तोंडं फिरवली. एक म्हातारी मात्र जवळ आली, तिच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. नितीनने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लोकांशी बोलायला लागला. तिला वाटलं, तो आपल्याला टाकून बोलत असेल तरी चालेल, त्यांनी आज जाळी टाकली नाहीत म्हणजे झालं.

घरात बाळ रडत होतं. जुईने त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि ती येरझारा घालत होती. दुपारपासून तिने पाजलं नव्हतं. वहिनी साखरपाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा बाळाच्या ओठांना लावत होती आणि ते आणखीच चिडून रडत होतं.

"आसा काय त्याच्यात?" जुईने विचारलं.

खोटं बोलावंसं तृप्तीला फार वाटलं. "आसा," ती म्हणाली. "पाण्याइतका नाय, पण आसा. डॉक्टर म्हणतत, दूध बंद करूचा नाय. दूध नाय दिलास तर तिचा नुकसान जास्त. मासो बंद. उद्या तिका दाखवूक जावया."

"म्हंजे पाजू?"

दिवसभरात तृप्तीने बरंच काही स्वतःच्या नावावर केलं होतं. एवढं जड त्यातलं काहीच नव्हतं.

"पाज," ती म्हणाली.

जुई खाली बसली. तिने पदर घेतला आणि बाळाला छातीशी धरलं. रडणं एकदम थांबलं. बाळ अधाशासारखं पिऊ लागलं, मधेच हुंदका द्यायचं आणि पुन्हा पिऊ लागायचं. वहिनीने हातातला बोळा कुठे ठेवायचा ते न कळून तो तसाच मुठीत धरला. 

"आत्ये," जुई म्हणाली, "ते काळुंदर जसे शिकले, तशी ही पण शिकात काय गो? ह्या सगळा सोसूक?"

तृप्तीने बाळाच्या हलणाऱ्या गालाकडे पाहिलं. मासे शिकले नव्हते. एकही मासा काही शिकला नव्हता. ज्यांना सोसलं नाही ते अंड्यातच मेले आणि उरले त्यांनाच लोकांनी पाहिलं. हे जुईला सांगणं तिच्या जिवावर आलं.

"तिच्यार ती पाळी येवची नाय," ती म्हणाली, आणि पिशवीत वाजणारा फोन उचलायला अंगणात गेली.